आधी वाळवा, मग चिकटवा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की बूट-चपलांच्या दुरुस्तीविषयी प्रश्न पाठवा. पत्रं तर आलीच, पण दोन पुडक्यांतून प्रत्यक्ष पादत्राणंही आली. एकात कोल्हापुरी जोड आणि दुसऱ्यात फुटबॉलचा एकच, उजव्या पायाचा बूट. दोन्हींचं काय केलं ते खाली लिहिलं आहे, आणि दोन्ही दुरुस्त होऊन परत निघाली आहेत.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मी ३३ वर्षं फेरीबोटीवर खलाशी होतो. धक्क्यावर फळी टेकली की पहिलं पाऊल खाऱ्या पाण्यात पडायचं, ते दिवसातून पन्नास वेळा. पगार बेताचा होता, त्यामुळे घेतलेला जोड टिकवणं भाग होतं. सुट्टीच्या दिवशी फोंड्याच्या बाजारात एका वयस्कर मोचीबाबांशेजारी पाट टाकून बसायचो. आरी कशी धरायची, दोऱ्याला मेण कसं लावायचं हे त्यांनीच शिकवलं. आता निवृत्त होऊन माशेलला असतो. गावातली मुलं शाळा सुटल्यावर फाटके बूट माझ्या सोप्यावर ठेवून जातात.

सगळी पत्रं वाचून एक गोष्ट पुन्हा जाणवली. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गोव्यात चालून चालून झिजलेला बूट क्वचित दिसतो. जे मरतात ते आत राहिलेल्या ओलीने मरतात. म्हणून या वेळी बहुतेक उत्तरं वाळवण्यापासून सुरू होतील.

साखळीहून एक वाचक लिहितात : लग्नात घेतलेले काळे चामडी बूट कपाटात पिशवीत घालून ठेवले होते. चवथीला काढले तर सगळीकडे हिरवट-पांढरा बुरा. पुसले, पॉलिश केले, आठ दिवसांत परत तेच. आता टाकून द्यावेत का?

टाकू नका. बुरा वर दिसतो तेवढाच नसतो, तो शिवणीत आणि आतल्या अस्तरात रुजलेला असतो. तुम्ही वरून पुसलात आणि त्यावर पॉलिशचा थर दिला. पॉलिशमधलं मेण आणि तेल त्या बुऱ्याला खाद्यच झालं.

बूट अंगणात न्या, घरात झटकू नका, नाहीतर ती पूड शेजारच्या चपलांवर बसते. नाकावर रुमाल बांधा. नाडी काढा, जीभ बाहेर ओढा, आतला सुटा तळवा काढून टाका. तो वाचवण्यात अर्थ नाही, नवा बाजारात सहज मिळतो. कोरड्या ब्रशने सगळा बुरा झाडा आणि तो ब्रश लगेच साबणाने धुवा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम घेऊन त्यात फडकं बुडवून घट्ट पिळा. त्याने बाहेरून पुसा, आतून पुसा, टाचेच्या मागची शिवण आणि पुढचा टोकाचा कोपरा विसरू नका. रंग जातो का हे आधी जिभेच्या आतल्या बाजूला पाहून घ्या. बूट दोन दिवस पंख्याखाली राहू द्या. पूर्ण सुकल्यावरच पॉलिश, आणि तेही डबीतल्या घट्ट मेणाच्या आधी क्रीमचं, कारण बुऱ्याने आणि व्हिनेगरने चामडं रूक्ष झालेलं असतं.

खरी चूक पिशवीची आहे. प्लास्टिकच्या पिशवीत बूट ठेवला की आत असलेला घाम बाहेर पडत नाही. जुनी उशीची खोळ वापरा. आपली घरं चिऱ्याची, पावसाळ्यात भिंत पाणी पिते, म्हणून बुटांचं कपाट भिंतीला चिकटून नको, मध्ये वीतभर जागा ठेवा. बुटाच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन चिमुकल्या पुड्या आपल्या हवेत चार दिवसांत भरून जातात. ठेवायचंच असेल तर मूठभर तरी ठेवा आणि अधूनमधून ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत वापरा. पाणी शोषणारे प्लास्टिकचे डबे मिळतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. डबा भरला आणि कलंडला तर ते पाणी चामड्याचं वाटोळं करतं, म्हणून तो बुटांच्या खालच्या कप्प्यात ठेवा, वर कधीच नको.

आणि एक कळकळीची विनंती : खोबरेल तेल चोपडू नका. आपल्याकडे घरोघर ते हाताशी असतं, बूट चमकतोही, पण जास्तीचं तेल आत मुरून चिकट राहतं आणि बुरा दुप्पट जोमाने येतो.

केरीहून (पेडणे) एक वाचक : विसर्जनाला समुद्रात उतरलो, पायातले चामडी सँडल काढायचे राहिले. तीन दिवस उन्हात वाळवले तरी हाताला ओलेच लागतात, आणि वर पांढऱ्या रेषा उठल्या आहेत.

ते सुकणार नाहीत, कारण आत मीठ आहे. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं ना, तेच तुमच्या सँडलमध्ये चाललं आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं, आणि भाद्रपदात आपली हवा बहुधा त्याहून वरच असते. तेव्हा हे ऐकायला उफराटं वाटेल, पण सँडल सुकवायचे असतील तर आधी परत भिजवा. गोड्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून, पुन्हा पुन्हा पुसत राहा. दर वेळी पाणी बदला. पट्टे, तळवा, बकलच्या खालची जागा. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, पांढरी रेषा त्याने उतरते. बकल कोरडं पुसून त्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, नाहीतर महिन्याभरात गंजून पट्टा कापेल.

आणि ऊन नको. यावर मी थोडा जास्त लिहितो, कारण ही किंमत मी मोजली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी आयुष्यातला पहिला चांगला चामडी जोड घेतला, महिन्याच्या पगारातला मोठा भाग त्यात गेला. भरतीच्या वेळी फळीवरून घसरलो आणि दोन्ही बूट भरले. दुसऱ्या दिवशी पुतण्याची मुंज होती. घाईने मी ते एंजिनाच्या गरम झाकणावर ठेवले. सकाळी पाहिलं तर पुढचं टोक वर वळलेलं, चामडं लाकडासारखं कडक, बोटाच्या घडीवर आडवी चीर. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास आकसतं आणि आकसलेलं परत सैल होत नाही. मोचीबाबांनी तो बूट हातात घेतला, वाकवून पाहिला आणि न बोलता परत दिला. त्या दिवसापासून मी भिजलेल्या बुटाला आच लागू दिलेली नाही.

वाळवण्याची रीत अशी. नाडी सैल करा, आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे टोकापर्यंत भरा. पहिले बोळे अर्ध्या तासात ओलेचिंब होतात, ते काढून नवे भरा. मग दर दोन-तीन तासांनी बदलत राहा, बोळा कोरडा निघेपर्यंत. फिकट अस्तराच्या बुटात छापील कागद नको, शाई उतरते. बूट उभा न ठेवता कुशीवर ठेवा, म्हणजे तळालाही वारा लागेल. पंखा, सावली, एक किंवा दोन दिवस. यापलीकडे घाई करण्याचा कुठलाही उपाय मला माहीत नाही.

डिचोलीहून एक वाचक : डोंगरात चालायचे महागडे बूट तीन वर्षांपूर्वी घेतले, दोनदाच घातले. परवा दूधसागरला निघालो तर वाटेत सोल अक्षरशः चुरा होऊन पडला. दुकानदार म्हणतो, वापरले नाहीत म्हणून. वापरले नाहीत म्हणून बूट कसा मोडेल?

दुकानदाराने तुम्हाला फसवलेलं नाही, फक्त कारण अर्धं सांगितलं. असे सोल पॉलीयुरेथेनचे असतात. हलके, मऊ, चालायला सुखाचे. पण या पदार्थाचे बरेच प्रकार असे आहेत, की हवेतली वाफ हळूहळू त्याच्या साखळ्या तोडते. त्याला जलविच्छेदन म्हणतात. थंड, कोरड्या मुलखात याला पुष्कळ वर्षं लागतात. उष्ण आणि दमट हवेत ते लवकर होतं. बूट खोक्यात बंद असला, पायात गेला नसला, तरी ही क्रिया थांबत नाही. तुमचे बूट तीन पावसाळे खोक्यात होते.

हे चिकटवून जुळत नाही, गोंदावर पैसे घालू नका. चिकटवायला खालचा थर घट्ट लागतो, इथे तो थरच राहिलेला नाही. अंगठ्याचं नख सोलच्या कडेला दाबून पाहा. केकसारखा भुगा निघाला किंवा चिकट लागला तर तो सोल संपला. वरचा भाग चांगला असेल तर मोचीकडून अख्खा सोल काढून रबरी सोल बसवून घ्या. तुमचे बूट महाग आहेत म्हणता, तेव्हा हे नक्की करा. थोडे जड होतील, पण पुढची बरीच वर्षं चालतील.

नवे घेताना खोक्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, कायद्याने ते लागतंच. ते वाचा. सवलतीत लावलेला जोड तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल आणि सोल या जातीचा असेल, तर त्याचं निम्मं आयुष्य गोदामात गेलेलं आहे. आणि घेतलेले बूट घालून चाला. ठेवणीतला बूट ही कल्पना गोव्याच्या हवेला मानवत नाही.

सांत इस्तेव्हहून नववीतला एक विद्यार्थी : (यानेच बूट पाठवला आहे.) माझ्या फुटबॉल बुटाचा सोल पुढून उघडला. बाबांनी दोनदा झटपट गोंदाने चिकटवला, पण सराव सुरू झाला की पंधरा मिनिटांत परत सुटतो. शनिवारी सामना आहे.

बाळा, तुझा बूट शुक्रवारच्या आत तुझ्याकडे पोचेल. पण डावा बूटही लवकरच उघडणार आहे, तो तू आणि बाबांनी मिळून करावा म्हणून सविस्तर लिहितो.

थेंब टाकला की लगेच धरणारा गोंद सुकल्यावर काचेसारखा होतो. कपाचा कान चिकटवायला तो उत्तम. बूट प्रत्येक पावलाला वाकतो आणि काच वाकत नाही, ती तडकते. सुतारकामाचा पांढरा गोंदही नको, तो पाण्याने मऊ पडतो. हार्डवेअरच्या दुकानात रबराच्या जातीचा, मधासारखा पिवळसर गोंद मिळतो. फेव्हिकॉलचा एसआर ९९८ मागितलास तरी चालेल. त्याचा वास तीव्र असतो आणि तो पेट घेतो, म्हणून काम सोप्यावर कर, खोलीत नको, आणि जवळ उदबत्तीसुद्धा नको.

बूट आधी पूर्ण सुकव. पूर्ण म्हणजे दोन दिवस. आतली माती सुईने कोरून काढ. बाबांनी लावलेला जुना गोंद चाकूने खरवड आणि मग दोन्ही बाजू, सोलची आणि बुटाची, ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून खरखरीत कर. तुझ्या बुटात मला हेच केलेलं दिसलं नाही : जुन्या गोंदाच्या चकचकीत थरावर नवा गोंद लावलेला होता. नवा गोंद जुन्याला धरून बसला आणि जुना बुटावरून सुटला. घासल्यावर स्पिरिटने पूस.

मग दोन्ही बाजूंना पातळ हात. जाड थराने जास्त चिकटतं असं वाटतं, होतं उलटं. आता सगळ्यात अवघड गोष्ट : थांब. दहा-पंधरा मिनिटं. बोट टेकवलं तर गोंद बोटाला लागता कामा नये. पावसाच्या दिवसांत इथे एक घात होतो. गोंदातला द्राव उडताना तो थर थंड पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर दंव पडावं तसं बसतं. थर दुधाळ दिसला तर समजायचं की पाणी बसलं आहे, तसाच चिकटवलास तर सुटणारच. त्याला पंख्याखाली ठेव किंवा ताईच्या केस वाळवायच्या यंत्राने दुरून कोमट वारा दे. कोमट, गरम नाही, आणि गोंदातला द्राव उडून वास मंदावल्यानंतरच.

टोकापासून सुरुवात करून नीट जुळवत टेकव. एकदा टेकलं की हलवता येत नाही, म्हणून आधी कोरडं जुळवून पाहा. मग दाब. या गोंदाला किती वेळ दाबलं यापेक्षा किती जोराने दाबलं ते महत्त्वाचं. आत लाकडाचा ठोकळा धरून बाहेरून हातोडीने ठोक. सायकलची फुटकी ट्यूब लांबट कापून ती पट्टी बुटाभोवती ताणून गुंडाळ, टाचेपासून टोकापर्यंत. एक दिवस तशीच राहू दे.

तुझ्या उजव्या बुटाला मी एवढ्यावर न थांबता कडेने टाकेही घातले आहेत. दोन सुया, मेण लावलेला नायलॉनचा दोरा, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलट दिशांनी. असा टाका एका जागी तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. सुती दोरा मी घेतला नाही, तो दोन पावसाळ्यांत कुजतो. डाव्याला चिकटवून झालं की बाजारात मोचीकडे दे आणि कडेने शिलाई मारून घे. सामना झाला की बूट नळाखाली धरू नकोस. चिखल वाळू दे, मग झाड. आणि पिशवीत घालून घरी आणलेले बूट पिशवीत रात्रभर राहिले, हे पुन्हा करू नकोस. वास मला पुडकं उघडल्यावरच आला.

सत्तरीहून एक आई : मुलीचे पांढरे कॅनव्हासचे बूट तांबड्या मातीने कायमचे लाल झालेत. कपडे पांढरे करायचं ब्लीच वापरलं तर पिवळे पडले.

आपली माती तांबडी आहे ती तिच्यातल्या लोखंडाच्या गंजामुळे. गंजावर ब्लीच चालत नाही. गंजाला आंबट लागतं, आणि ते तुमच्या परसात असण्याची दाट शक्यता आहे : बिंबलं. करमलाची ही सख्खी बहीण, हिच्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. आई पितळेची समई आणि धोतरावरचे गंजाचे डाग याच रसाने काढायची.

माती आधी पूर्ण वाळू द्या आणि झाडा. ओली माती घासली की ती धाग्यात शिरते. मग पिकलेली पाच-सहा बिंबलं चिरडून रस गाळून घ्या. जुन्या दातांच्या ब्रशने फक्त डागावर लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. डाग फिका होईल, लगेच जाणार नाही, दोन-तीन वेळा करा. हाताला चीर असेल तर मोजे घाला. रस कापडात राहू देऊ नका, आंबटाने सूत कमकुवत होतं. बिंबलं नसतील तर लिंबू आणि मीठ, ते सावकाश काम करतं. ब्लीचचा अंश आधी धुऊन पूर्ण निघालेला हवा, त्यावर आंबट पडलं तर विषारी वायू सुटतो.

शेवटचं पाणी साधं घ्या, त्यात चमचाभर व्हिनेगर. पांढरे बूट धुतल्यावर पिवळे पडतात ते बहुधा राहिलेल्या साबणामुळे. वाळताना वर पांढरा टिश्यू पेपर लपेटा. पिवळेपणा कागदावर उतरतो. रबरी कडेला टूथपेस्ट पुरते.

मडगावहून एक वाचक : हवाई चपलेचा अंगठ्याचा खुंट भोकातून सारखा सुटतो.

पट्टे बदला, ते सुटे मिळतात. खुंटाला साबणाचं पाणी लावलंत की तो सहज आत जातो. भोकच मोठं झालं असेल तर खालून लोखंडी नको, प्लास्टिकची चकती घाला. पण चप्पल उलटी करून पाहा. तळावरच्या रेघा गुळगुळीत झाल्या असतील तर पट्टा न बदलता चप्पलच टाका. शेवाळलेल्या अंगणात त्या रेघांवरच तुमचं कंबरडं अवलंबून असतं. गुळगुळीत चपलेवरून फळीवर आपटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांतले एक पुन्हा नीट चालू शकले नाहीत.

म्हापशाहून एक आई : शाळेच्या काळ्या बुटांची साल निघते. पॉलिशने झाकत नाही.

ते चामडं नाही, कापडावर दिलेला लेप आहे. डिचोलीच्या वाचकांचा सोल ज्या कारणाने गेला, बहुधा त्याच कारणाने हा लेपही जातो. पॉलिश त्यात मुरत नाही. वर्ष काढायचं असेल तर सुटलेली साल कात्रीने कापा, कडा रबरी गोंदाने दाबा आणि कापडाच्या काळ्या रंगाचा हात द्या. पुढच्या वर्षी पावसाळ्यासाठी स्वस्त रबरी सँडल आणि कोरड्या महिन्यांसाठी बूट, असे दोन घ्या. शाळेला विचारून पाहा; पुष्कळ शाळा पावसात सँडल चालवून घेतात.

फोंड्याहून एक ताई : (कोल्हापुरी यांची.) मंगेशीला देवळाबाहेर ठेवली, पाऊस आला. वाळल्यावर तळाचे थर सुटले आणि पट्ट्यावर निळे-काळे डाग पडले.

ताई, ही चप्पल पावसासाठी जन्मलेली नाही, पण तुमची वाचली आहे. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, आणि तळ, पट्टा, कान सगळं चामड्याच्या वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे मिळून. पाणी लागलं की तळाचे थर फुगतात आणि एकमेकांपासून सुटतात.

डाग कशाचे ते मी ओळखलं. वाळताना चप्पल लोखंडी रॅकवर होती ना? हिरड्याबाभळीतला तुरटपणा आणि लोखंड ओलीत भेटले की शाई तयार होते. पूर्वी शाई अशीच करत. मी त्यावर बिंबल्याचा रस कापसाने टिपला, लगेच ओल्या फडक्याने पुसला, चार वेळा केलं. डाग नाहीसे झाले नाहीत, पण आता शोधावे लागतात. मग अख्खी चप्पल सारख्या ओल्या फडक्याने पुसली, कारण एकच जागा ओली केली तर तिथे नवा वळ उठतो. तळाच्या थरांत रबरी गोंद, दोन पाटांमध्ये दाबून वर जातं ठेवलं, आणि उसवलेली वादी बदलली. नवी वादी रंगाने उजळ दिसते, वापरून जुळेल.

आता ती तुळशीच्या लग्नापर्यंत काढू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून खोळीत ठेवा. हवा कोरडी झाली की एरंडेलाचा अगदी पातळ हात द्या, रात्रभर मुरू द्या, सकाळी कोरडं पुसा. देवळात जाताना पावसात रबरी चप्पल घाला.

कुंकळ्ळीहून एक वाचक : बुटाचा वास.

एक जोड रोज घालू नका, दोन आलटून-पालटून घाला. घाम सुकायला एक अख्खा दिवस लागतो. खायचा सोडा जुन्या मोज्यात बांधून रात्री आत ठेवा, थेट चामड्यावर पसरू नका.

मडकईहून एक आजी : आमच्या यजमानांचे चामडी बूट वीस वर्षं ट्रंकेत आहेत. चामड्याचाच तळ. ते गेल्यानंतर कुणी घातले नाहीत. नातवाचं डिसेंबरात लग्न आहे, त्याला पाऊल बरोबर बसतं. घालता येतील का?

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तळ चामड्याचा आहे म्हणता, म्हणजे डोंगरातल्या त्या बुटासारखा चुरा होण्याची भीती नाही. टाच मात्र रबराची असेल तर ती बदलावी लागेल, वीस वर्षांत रबर कडक होतं.

नातवाला अजून घालू देऊ नका आणि वाकवूनही पाहू नका, कोरडं चामडं पहिल्या वाकण्यालाच चिरतं. बुरा असेल तर साखळीच्या वाचकांना लिहिलं तसं काढा. मग रंग नसलेलं क्रीम बोटाने लावा, हाताच्या उबेने ते मुरतं. एका वेळी थोडंच. रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर हे करा. कात हळूहळू मऊ पडेल आणि रंगही गडद होईल. मग टाचेच्या मागची शिवण दोन्ही अंगठ्यांनी अलगद ताणून पाहा. दोरा टपटप तुटला तर घाबरू नका, भोकं जुनीच राहतात, त्याच भोकांतून नवा दोरा घालता येतो.

त्यानंतर नातवाने जाड मोजे घालून घरातच फरशीवर पाच मिनिटं चालावं, दुसऱ्या दिवशी दहा. लग्नाच्या दिवशी सरळ मांडवात नको.

शिवण उसवली असेल तर दिवाळी झाल्यावर बूट माशेलला पाठवून द्या. नातवालाच घेऊन येऊ दे, पायात घालून पाहता येतील.